पक्ष बदलला, चिन्ह बदलले : मताचा हिशेब कसा लावायचा?



शेती खात्याच्या या सदरात एरवी आम्ही लागण, खोडवा, खताचे हप्ते आणि तोडणी कार्यक्रम यांविषयी लिहितो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे. ऊस नोंदीच्या निमित्ताने गटागटांतून फिरताना एक प्रश्न वारंवार कानावर येतो. "साहेब, मत दिले एका चिन्हाला आणि माणूस जाऊन बसला दुसऱ्याच पक्षात. मग आमचे मत गेले कुठे?" त्याला जोडून दुसरा प्रश्न असतोच. "लहान पक्षाला मत दिले तर ते वायाच जाते ना?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे रागाने देण्यापेक्षा आकड्यांनी दिलेली बरी. आपल्याच भागातले उदाहरण घेतले तर वाचणारा लगेच विचारील की हे कोणाच्या बाजूने लिहिले आहे. हे वार्तापत्र सर्व सभासदांचे आहे, प्रचाराचे नव्हे. म्हणून आम्ही लांबचे उदाहरण घेतो. आमचे मूळ गाव दातिवरे, पालघर तालुक्यातले. वैतरणा नदी समुद्राला मिळते त्या मुखाजवळ ते वसले आहे. तिकडे भात आणि मासेमारी, उसाचा संबंध नाही. त्यामुळे कोणाच्याही पॅनेलला धक्का न लावता हिशेब मांडता येईल.

एक माणूस, तीन चिन्हे

पालघर हा लोकसभा मतदारसंघ २००८ च्या फेररचनेत तयार झाला. तो अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. २००९ ते २०२४ या पंधरा वर्षांत तिथल्या मतदाराने पाच वेळा खासदार निवडला. चार सार्वत्रिक निवडणुका आणि एक पोटनिवडणूक.

ही पोटनिवडणूक २०१८ सालची. भाजपचे खासदार चिंतामण वनगा यांचे ३० जानेवारी २०१८ रोजी निधन झाले आणि जागा रिकामी झाली. वनगा आयुष्यभर एकाच पक्षात राहिलेले गृहस्थ. पण त्यांचे चिरंजीव श्रीनिवास वनगा शिवसेनेत गेले व शिवसेनेने त्यांना उभे केले. भाजपने मग काँग्रेसचे माजी राज्यमंत्री राजेंद्र गावित यांना पक्षात घेऊन उमेदवारी दिली. म्हणजे एकाच मोसमात दोन माणसे दोन दिशांना गेली.

गावितांचा पुढचा प्रवास असा. २००९ साली ते पालघर विधानसभेवर काँग्रेसच्या पंजावर निवडून आले होते. २०१८ साली कमळावर खासदार झाले. २०१९ साली युतीच्या वाटपात ही जागा शिवसेनेकडे गेली, तेव्हा ते शिवसेनेत आले आणि धनुष्यबाणावर पुन्हा खासदार झाले. २०२२ साली शिवसेना फुटल्यावर ते एकनाथ शिंदे यांच्याबरोबर राहिले. २०२४ साली लोकसभेची जागा भाजपकडे गेली व हेमंत सवरा यांना उमेदवारी मिळाली. गावित त्या वेळी परत भाजपमध्ये गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेला ते शिंदे यांच्या शिवसेनेकडून पालघरमध्ये उभे राहिले आणि आमदार झाले. तिथले मावळते आमदार होते श्रीनिवास वनगा. त्यांना उमेदवारी मिळाली नाही.

हे वाचून कोणी हसेल, कोणी चिडेल. आमचा हेतू दोन्हींचा नाही. एवढ्या खेपा घालूनही माणूस निवडून कसा येतो, हे समजून घ्यायचे आहे.

ढीग कोणाचा?

आता मतांकडे पाहू. २०१४ साली भाजप आणि शिवसेना एकत्र होते. तेव्हा चिंतामण वनगा यांना ५,३३,२०१ मते पडली. २०१८ साली हे दोन पक्ष एकमेकांविरुद्ध लढले. गावितांना २,७२,७८२ आणि श्रीनिवास वनगा यांना २,४३,२१० मते मिळाली. दोन्हींची बेरीज ५,१५,९९२ होते. २०१९ साली पक्ष परत एकत्र आले आणि गावितांना ५,८०,४७९ मते पडली.

तीन निवडणुकांत उमेदवार बदलले, चिन्हे बदलली, मतदानही कमीजास्त झाले. पण युतीचा ढीग साधारण तेवढाच राहिला. २०१८ साली त्याचे दोन वाटे पडले, २०१९ साली ते परत एक झाले. आमच्या मते यातून दिसते ते असे : पक्ष बदलणारा माणूस आपल्या खांद्यावरून लाखो मते वाहून नेतो, ही समजूत फारशी खरी नाही. बहुतेक मते जागच्या जागी असतात. तयार ढिगाशेजारी वेळेवर जाऊन उभे राहणे, ही त्याची खरी हुशारी.

आपल्याकडे उसाची पळवापळवी होते तेव्हाही असेच असते. ऊस त्याच रानात उभा असतो. नोंद कोणाकडे, टोळी कोणाची आणि काटा कोणाचा, एवढेच बदलते. फरक असा की उसाचे वजन करून पावती मिळते. मताची पावती मतदाराच्या हाती राहत नाही.

कायदा कुठे धरतो, कुठे सोडतो

"पक्षांतराला कायदा आहे ना?" असेही सभासद विचारतात. आहे. १९६७ साली हरियाणातले आमदार गया लाल यांनी पंधरवड्यात तीन वेळा पक्ष बदलला आणि 'आयाराम गयाराम' हा शब्द देशभर झाला. पुढे १९८५ साली ५२ वी घटनादुरुस्ती होऊन दहावे परिशिष्ट आले. निवडून आलेल्या सदस्याने आपणहून पक्ष सोडला किंवा पक्षादेश मोडून मतदान केले, तर त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. निर्णय सभागृहाच्या अध्यक्षांनी किंवा सभापतींनी करायचा. सुरुवातीला एक तृतीयांश सदस्य फुटले तर त्यांना संरक्षण होते. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ते काढले. आता दोन तृतीयांश सदस्यांसह दुसऱ्या पक्षात विलीन होण्याचीच सवलत उरली आहे.

मग पालघरच्या खेपा या कायद्यात का सापडल्या नाहीत? २०१८ साली काँग्रेस सोडताना गावित कोणत्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. २०१९ साली पक्ष बदलला तेव्हा निवडणूक जाहीर झाली होती, लोकसभेची मुदत संपत आली होती. २०२४ च्या नोव्हेंबरात ते खासदार राहिले नव्हते. २०२२ च्या फुटीत तर वादच वेगळा होता. मूळ पक्ष कोणता, हाच प्रश्न होता. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी पक्षाचे नाव व धनुष्यबाण शिंदे गटाला दिले.

थोडक्यात, हा कायदा म्हणजे चालू हंगामाचा करार आहे. हंगामात ऊस दुसरीकडे घातला तर विचारणा होते. हंगाम संपला की शेतकरी मोकळा. पुढारीही तसाच मोकळा. निवडणुकीच्या तोंडावर होणारी पक्षांतरे या कायद्याने थांबत नाहीत आणि थांबणारही नाहीत. तो बांध मतदारानेच घालायचा.

जाता जाता एक खुलासा. जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका व महानगरपालिका यांच्या सदस्यांसाठी महाराष्ट्रात १९८६ चा वेगळा कायदा आहे. आपल्या कारखान्याच्या संचालक मंडळाला यांपैकी काहीच लागू नाही. तिथे पक्ष नसतात, पॅनेल असतात.

लहान पक्षाचे वजन

आता दुसरा प्रश्न. पालघरमध्ये दोन लहान पक्ष जुने आहेत. वसई-विरार पट्ट्यात हितेंद्र ठाकूर यांची बहुजन विकास आघाडी आणि डहाणू-तलासरीच्या आदिवासी भागात मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष. त्यांचे वजन चार तऱ्हांनी दिसले.

पहिली तऱ्हा, स्वतः जिंकणे. २००९ साली मते अनेक ठिकाणी वाटली गेली आणि आघाडीचे बळीराम जाधव २,२३,२३४ मते घेऊन खासदार झाले. भाजपचे वनगा १२,३६० मतांनी मागे राहिले.

दुसरी तऱ्हा, जिंकण्याची पातळी खाली आणणे. २०१८ साली जाधवांना २,२२,८३८, माकपचे किरण गहला यांना ७१,८८७ आणि काँग्रेसचे दामोदर शिंगडा यांना ४७,७१४ मते पडली. पहिल्या पाच उमेदवारांच्या मतांत विजयी उमेदवाराचा वाटा शेकडा ३२ च्या आतच होता. २९,५७२ मतांच्या फरकाने जागा गेली. अशा लढतीत तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाची मते कुठे आहेत, त्यावर पहिला क्रमांक ठरतो.

इथे एक सावधगिरी हवी. २०२४ साली हेमंत सवरा यांना ६,०१,२४४, उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेच्या भारती कामडी यांना ४,१७,९३८ आणि आघाडीचे राजेश पाटील यांना २,५४,५१७ मते मिळाली. शेवटच्या दोघांची बेरीज पहिल्यापेक्षा जास्त भरते. लगेच म्हणतात, "मते खाल्ली." पण अशी बेरीज वहीत होते, शिवारात होत नाही. आघाडीचा उमेदवार नसता तर ती सर्व मते एकाच ठिकाणी गेली असती, असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

तिसरी तऱ्हा, अडचणीच्या वेळी आकडा पुरा करणे. जून २०२२ मध्ये राज्यसभेच्या सहाव्या जागेसाठी शिवसेनेचे संजय पवार आणि भाजपचे धनंजय महाडिक समोरासमोर होते. दोघेही कोल्हापूरचे. त्या वेळी आघाडीच्या अवघ्या तीन आमदारांसाठी दोन्हीकडच्या नेत्यांनी विरारच्या खेपा घातल्या. महाडिक निवडून आले. तीन मते ही एरवी २८८ च्या सभागृहात कोणी मोजत नाही. पारडे समसमान झाले की मात्र तीच सोन्याची होतात.

चौथी तऱ्हा आपल्या ओळखीची आहे. ती म्हणजे प्रश्न लावून धरणे. राजू शेट्टी २००९ साली स्वतःच्या स्वाभिमानी पक्षाकडून हातकणंगल्यातून खासदार झाले, २०१४ साली महायुतीतून परत निवडून आले, २०१९ व २०२४ ला पडले. पण जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत पहिली उचल किती मागितली, याकडे खासदारकी असताना आणि नसतानाही ऊसपट्ट्याचे लक्ष राहिलेच.

लहान पक्षाची दुखणी

लहान पक्षाला सगळ्यात मोठा धोका आपल्याच माणसांचा. विलास तरे २००९ आणि २०१४ साली बहुजन विकास आघाडीकडून बोईसरचे आमदार झाले. २०१९ साली ते शिवसेनेत गेले आणि आघाडीच्याच राजेश पाटील यांच्याकडून हरले. २०२४ साली शिंदे यांच्या शिवसेनेकडून उभे राहून त्यांनी राजेश पाटील यांना हरवले. त्या निवडणुकीत आघाडीच्या वसई, नालासोपारा व बोईसर या तिन्ही जागा गेल्या.

दुसरे दुखणे चिन्हाचे. मोठ्या पक्षाचे चिन्ह राखीव असते. आघाडीची ओळख असलेली शिट्टी २०१९ साली तिला मिळाली नाही आणि रिक्षा घेऊन लढावे लागले.

याउलट माकपचे पाहा. २००९ साली लहानू कोम यांना ९२,२२४, २०१४ साली त्यांच्या पक्षाला ७६,८९० आणि २०१८ साली ७१,८८७ मते. हळूहळू झीज आहे, पण मूळ धरलेले आहे. त्याच बळावर डहाणू विधानसभेत विनोद निकोले २०१९ आणि २०२४ असे दोनदा निवडून आले. खोडवा जोमदार ठेवायचा तर बुडखे जमिनीलगत छाटावे लागतात, पाचट राखावे लागते. संघटनेचेही तसेच आहे. दोन निवडणुकांच्या मधल्या काळात जो राबतो त्याचे मत टिकते.

दातिवऱ्याचे काय?

या सगळ्यात गावाला काय मिळाले, हे विचारल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. वाढवण बंदराला किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने बंदराला तत्त्वतः मंजुरी दिली, जून २०२४ मध्ये अंतिम मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. एवढ्या काळात खासदाराचे चिन्ह बदलले, पक्ष फुटला, खासदारही बदलला. बंदर चांगले की वाईट, यात आम्ही शिरत नाही. पण ज्या कोळ्याला किंवा शेतकऱ्याला आपल्या प्रतिनिधीला जाब विचारायचा आहे, त्याने कोणता जाहीरनामा हातात घेऊन जायचे? पक्षांतराचे खरे नुकसान हे आहे. मत हरवत नाही, जबाबदारी हरवते.

मतदाराने काय पाहावे

ऊस नोंदताना आपण जात, लागण तारीख आणि क्षेत्र विचारतो. मत देतानाही चार गोष्टी विचाराव्यात.

१. उमेदवार मागल्या खेपेस कोणत्या चिन्हावर होता आणि ते सोडताना त्याने मतदारांसमोर कारण सांगितले का?

२. पूर्वीच्या पक्षात असताना पाणी, वीज, रस्ता, जमीन यांबद्दल तो जे बोलला, ते नव्या पक्षातही बोलतो का? तो शब्द लेखी किंवा जाहीर सभेत घ्यावा.

३. लहान पक्ष असेल तर निवडणुका नसताना त्याचे कार्यकर्ते गावात दिसतात का? आणि आकड्याची गरज पडली तेव्हा त्याने पाठिंब्याच्या बदल्यात भागासाठी काय मागितले?

४. मागच्या तीन निवडणुकांत आपल्या मतदारसंघात कोणाला किती मते पडली? हे आकडे निवडणूक आयोग जाहीर करतो. ते गटात वाचून दाखवावेत, म्हणजे "मत वाया गेले" हे वाक्य ऐकून कोणी बिचकणार नाही.

माणसाने पक्ष बदलणे हा गुन्हा नाही. विचार बदलतो, परिस्थितीही बदलते. पण बदलाचे कारण विचारणे हा मतदाराचा हक्क आहे. तो हक्क मतदानाच्या आधी बजावावा लागतो, कारण नंतर विचारायला कायदा फार थोड्या ठिकाणी साथ देतो.

पुढील अंकात नेहमीप्रमाणे खोडव्याच्या खत व्यवस्थापनाविषयी लिहू.

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग