सहा वर्षांची ‘अशक्त’ मुलगी

सहा वर्षांची मुलगी. उंची 115 सेंटिमीटर, वजन 20 किलो. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय येतो 15.1. मोबाइलवरचं अ‍ॅप लगेच ‘कमी वजन’ असा शेरा मारतं, कारण त्याच्या लेखी 18.5च्या खाली सगळेच अशक्त. मग घरात तुपाची धार वाढते, आजी ताटाशी ठाण मांडून बसते. मुलगी मात्र ठणठणीत! या वयात निरोगी मुलांचा बीएमआय 15च्या आसपासच असतो.

अ‍ॅपनं मोठ्यांची पट्टी लहानांना लावली, एवढंच. गंमत म्हणजे ती लावू नये, हे सूत्राच्या जनकाला ठाऊक होतं. अदोल्फ केतले हा बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ. आकाशातल्या नोंदींसाठीचं सरासरीचं गणित त्यानं माणसांवर चालवलं आणि 1835च्या ग्रंथात मांडलं, की प्रौढांचं वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. वाढत्या वयात मात्र घात दोनचा नाही, अडीचच्या जवळचा, हेही त्यानं नोंदवलं होतं. पुढे 1972 साली अन्सेल कीज यांनी याच भागाकाराला बीएमआय हे नाव दिलं. त्यांच्या अभ्यासात पाच देशांतले सात हजारांवर लोक होते, सगळे पुरुष. नाव रूढ झालं, केतलेचा अडीच कुणाच्या लक्षातही राहिला नाही.

मुलांचा बीएमआय सरळ चढत नाही. पहिल्या वर्षात वाढतो, मग पाच-सहा वर्षांपर्यंत उतरतो आणि पुन्हा चढू लागतो. ही दुसरी चढण फार लवकर सुरू झाली तर पुढे स्थूलतेचा धोका वाढतो, असं फ्रान्समध्ये रोलाँ-काशेरा आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये दाखवलं. म्हणूनच 21 हा आकडा पंधरा वर्षांच्या मुलाला शोभतो. सात वर्षांच्या मुलाचा असेल तर डॉक्टरांकडे जायला हवं.

मोजणीतही घोळ असतात. वरच्या मुलीची उंची बुटांसह मोजली आणि दोन सेंटिमीटर जास्त भरली, की बीएमआय थेट 14.6!

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2015 साली 5 ते 18 वर्षांच्या मुलांसाठी नवे तक्ते काढले. त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आघाडीवर होते. प्रौढांमध्ये जादा वजन आणि स्थूलता दाखवणाऱ्या 23 आणि 27 या आकड्यांशी जुळणाऱ्या रेषा त्यात आहेत. जगभर वापरल्या जाणाऱ्या 25 आणि 30पेक्षा खालच्या. कारण पुण्याच्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी लंडनच्या जॉन यडकिन यांच्यासोबत 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या फोटोत सापडतं. दोघांचाही बीएमआय 22.3, शरीरातली चरबी मात्र यडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2.

तेव्हा तक्त्यावर बिंदू मांडून झाला की डॉक्टर कंबरेला टेप लावतात, मुलाची मानही निरखतात. मानेवरचा काळपट, मखमली पट्टा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असू शकतो. घरी मात्र तो मळ समजून रोज घासला जातो.