एका कटचे अठ्ठेचाळीस जोड

इंटरनेटची केबल तुटली हे तालुक्याला कळतं. ती नेमकी कुठे तुटली हे शोधायला ओटीडीआर लागतो. हे यंत्र फायबरच्या टोकातून प्रकाश सोडतं, तो परत यायला किती वेळ लागला ते मोजतं आणि पडद्यावर अंतर दाखवतं. मोखाडा तालुक्यात केबल जोडणाऱ्या जॉइंटर भाऊंबरोबर मी दुरुस्तीला गेलो होतो, तेव्हा पडद्यावरचं अंतर आणि रस्त्यावरचं अंतर जुळत नव्हतं. ते जुळतही नाही, कारण प्रत्येक जॉइंटच्या खड्ड्यात काही मीटर केबल गुंडाळून ठेवलेली असते, पुढेमागे लागली तर असू द्यावी म्हणून. कुठल्या मोरीपाशी किती लूप सोडलाय हे आठवत, तेवढं अंतर वजा करत भाऊ गाडी हळू घ्यायला सांगत होते. रस्ता रुंदीकरणाचं काम दिसलं तशी त्यांनी गाडी थांबवायला लावली. मुरमाच्या ढिगातून डक्टचा फाटका तुकडा वर आला होता.

अशी केबल १.६५ मीटर खोल टाकायची असा दंडक आहे. कातळात तेवढं खोदता येत नाही, तेव्हा कमी खोलीवर टाकून वरून काँक्रीट करतात. इथलं काँक्रीटही जेसीबीच्या बकेटनं उचललं होतं.

तुटलेली दोन टोकं नुसती एकमेकांना जोडून भागत नाही. ओढ बसल्यामुळे दोन्ही बाजूंची केबल आतून चेपलेली असते. तेवढी कापून टाकायची आणि मध्ये नवा तुकडा घालायचा. म्हणजे एका कटला जॉइंट दोन. केबल चोवीस फायबरची, म्हणून जोड अठ्ठेचाळीस.

वारा आणि धूळ या कामाचे वैरी. भाऊंनी गाडीच्या मागच्या भागातच बस्तान मांडलं. केबलमधली चिकट जेली पुसून काढली आणि धागे रंगांनुसार लावून घेतले : निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा. इकडचा निळा तिकडच्या निळ्यालाच. धाग्यात आधी छोटी स्लीव्ह ओवून ठेवायची. ती राहिली तर मारलेला जोड पुन्हा तोडावा लागतो. मग स्ट्रिपरनं वरचं रंगीत आवरण सोलायचं आणि स्पिरिटच्या टिश्यूनं उघडी काच पुसायची. काच स्वच्छ झाली की टिश्यूखाली बारीक चुर्र असा आवाज येतो. तो ऐकू येईपर्यंत भाऊ पुसत राहतात. ही काच १२५ मायक्रॉन जाडीची, आणि प्रकाश ज्यातून धावतो तो तिचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. क्लीव्हरनं टोक काटकोनात कापलं की उरलेला बारीक तुकडा चिकटपट्टीवर टिपून ठेवायचा. तो बोटात शिरला तर दिसत नाही आणि निघतही नाही.

स्प्लायसरच्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर येतात, यंत्र त्यांना स्वतःच सरळ करतं, क्षणभर ठिणगी पडते आणि काच काचेत वितळते. पडद्यावर जोडातल्या तोट्याचा आकडा आला, ०.०१. भाऊंनी स्लीव्ह जोडावर सरकवली, ती तापवायला ठेवली आणि पुढचा धागा घेतला. एका जोडाचा आकडा वाढून आला तर त्यांनी तो न बोलता तोडला आणि पुन्हा सोलायला घेतलं. एवढ्यावर चालून गेलं असतं, असं मदतनीस पोरगा म्हणाला. "आज चालेल. पावसात नाही चालणार," भाऊ म्हणाले.

दरम्यान पुढच्या एका ग्रामपंचायतीतल्या संगणक परिचालक ताईंचा फोन येऊन गेला. त्यांच्या इंटरनेटच्या डब्यावरचा लाल दिवा अजून तसाच होता. दाखले, सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज घेऊन लोक बसले होते, आणि ज्याला घाई होती तो तालुक्याच्या बसला उभा होता. दिवसाची मजुरी आणि जाण्यायेण्याचं भाडं, एवढी त्या एका दाखल्याची किंमत झाली.

मार्च २०२४ अखेर देशात इंटरनेटच्या ९५ कोटी ४४ लाख जोडण्या होत्या. त्यातल्या ३९ कोटी ८३ लाख ग्रामीण भागात होत्या, आणि देशाची जवळपास दोन तृतीयांश माणसं तिथे राहतात. ही दरी मोठी आहेच. पण रस्त्याकडेला बसल्यावर जी दरी दिसली ती या आकड्यांत येत नाही. जोडणी असून बंद पडलेले दिवस त्यांच्या कुठल्याच रकान्यात दिसत नाहीत. शहरात मोठ्या केंद्रांना दोन दिशांनी केबल येते. एक बाजू तुटली की वाहतूक दुसरीकडून वळते आणि ग्राहकाला बहुधा पत्ताही लागत नाही. गावाकडची केबल बहुतेक ठिकाणी एकाच बाजूने जाते. ती एका जागी तुटली की पुढची सगळी गावं बंद. शिवाय कित्येक मोबाइल टॉवरच्या मागेही फायबरच असतो, त्यामुळे अशा ठिकाणी फोनवरचं नेटही जातं.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला २०११ मध्ये मंजुरी मिळाली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. सुरुवातीची रचना अशीच, एका रेषेतली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये रिंगची, म्हणजे दोन्ही बाजूंनी जोडणीची, तरतूद आहे आणि दहा वर्षांच्या देखभालीचीही. किती किलोमीटर केबल टाकली, यापेक्षा मला ही तरतूद मोलाची वाटते. खोदण्याआधी केबलवाल्यांना कळवता यावं म्हणून मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲपही आलं. पण ते ठेकेदाराच्या फोनमध्ये असून उपयोगाचं नाही. लिव्हरवर हात असतो तो चालकाचा.

शेवटच्या जोडाची स्लीव्ह थंड झाली, जोडांवरचं क्लोजर बंद झालं, आणि ताईंचा फोन आला : दिवा हिरवा झालाय. भाऊंनी हत्यारं पेटीत भरली, पण गाडीत बसले नाहीत. पुढच्या वळणावर जेसीबी चालू होता, तिकडे चालत गेले.

"दादा, इथून पुढं डाव्या अंगाला आमची केबल आहे. त्या मोरीपर्यंत."

"आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं," चालक म्हणाला आणि यंत्र बंद करून खाली उतरला. रस्त्याच्या कामाची फक्की तिथेच पोत्यात होती. भाऊ पुढे पावलं मोजत गेले, आणि त्यांच्यामागून चालकानं स्वतःच्या हातानं मोरीपर्यंत पांढरी रेघ मारली.