फोर बाय फोर: कायमचं की गरजेपुरतं?

फोर बाय फोर घ्यायची म्हटली की चर्चा चिखलावर येते. खरं तर चिखलात फुल-टाइम आणि पार्ट-टाइम यांच्यात फारसं डावं-उजवं नाही. गेल्या पाऊणशे वर्षांचा मागोवा घेतला तर हा वाद डांबराचा आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. आपल्याकडच्या बहुतेक फोर बाय फोर गाड्या त्याच वंशातल्या. एरवी ताकद मागच्या चाकांना. अडलं की दांडा ओढायचा, मग पुढचा आणि मागचा शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये एकमेकांना जखडले जातात. १९८५ची जिप्सी याच पार्ट-टाइम रचनेची. १९९८ची पुण्याची सफारीही तशीच, फक्त दांड्याच्या जागी बटण आलं. साधी, दणकट, गावातल्या मेकॅनिकला उलगडणारी ही रचना. सैन्यानं आणि वनखात्यानं ती वर्षानुवर्षं वापरली ती उगाच नाही.

तिची अडचण वळणावर कळते. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक जरासं घसरतं आणि हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो, मग ताण शाफ्टमध्ये आणि गिअरमध्ये साठत जातो. कच्च्या रस्त्यावरून वर आलेली गाडी तशीच फोर हायमध्ये, म्हणजे चारही चाकं जोडलेल्या अवस्थेत, ठेवून कुणी धाब्यासमोर वळवून लावायला गेलं की पाहा: स्टिअरिंग जड होतं, टायर ओरडतात, ब्रेक लागल्यासारखी गाडी अडखळते. दांडा टू व्हीलमध्ये ढकलावा तर तो जागचा हलत नाही. अशा वेळी जोर लावू नये. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतली की ताण सुटतो आणि दांडा अलगद निघतो.

या दुखण्यावर औषध म्हणजे मधलं डिफरन्शियल. १९७०च्या रेंज रोव्हरनं ते आणलं, आणि त्यामागचं कारण मला फार आवडतं. साडेतीन लिटरच्या व्ही-एट इंजिनाची सगळी ताकद एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर टाकायची तर तो अवजड करावा लागला असता. अभियंते स्पेन किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती दोन्ही अ‍ॅक्सलवर कायमची वाटून टाकली. मधलं डिफरन्शियल वळणावरचा फरक सांभाळणार, आणि चाकं रुतली की ते लॉक करायचं. म्हणजे चिखलात ही फुल-टाइम गाडी पार्ट-टाइमसारखीच वागते, डांबरावर मात्र चारही चाकं मोकळेपणानं काम करतात. १९७७मध्ये सोव्हिएत निवानं हीच रचना छोट्या, साध्या गाडीत बसवली. १९९१च्या पजेरोनं तर दोन्ही पर्याय एकाच दांड्यावर दिले; माझ्या लेखी हे आजवरचं सर्वात शहाणं उत्तर आहे.

भारतात मात्र उलटी पावलं पडली. २००९मध्ये आलेली फॉर्च्युनर फोर बाय फोर फुल-टाइम होती, मधलं डिफरन्शियल लॉक होणारी. २०१६च्या नव्या पिढीत टोयोटानं ती पार्ट-टाइम केली. २०२०ची नाशिकची थार पार्ट-टाइम, २०२३ची जिम्नी पार्ट-टाइम. हिशेब समजण्यासारखा आहे: गाडी बहुतेक काळ हायवेवर असते, आणि टू व्हीलमध्ये चालली तर इंधन थोडं वाचतं, बांधणीचा खर्चही कमी येतो. वाळवंटात किंवा नदीपात्रात जाणाऱ्याचं त्यानं काही बिघडत नाही.

बिघडतं ते आपलं, घाटातल्या माणसांचं. जुलैत ताम्हिणी किंवा आंबोलीत एका वळणावर शेवाळ, पुढच्यावर डोंगरातून वाहून आलेली लाल माती, तिसऱ्यावर स्वच्छ डांबर. दर वळणाला कोण दांडा ओढणार? टू व्हीलमध्ये ठेवावी तर मागून रिकाम्या, जोरकस डिझेल गाडीचं बूड ओल्या उतारावर बाहेर पळतं. फोर हायमध्ये ठेवावी तर ती वळायला कुरकुरते. इथे मधलं डिफरन्शियल असलेली गाडी निर्विवाद उजवी. गरज भासेल तेव्हा आपोआप चारही चाकं जोडणाऱ्या क्लचच्या गाड्याही या रस्त्यावर चांगल्या; पण खोल वाळूत किंवा चिखलात बराच वेळ झुंजवल्या तर क्लच तापतो आणि ताकद तोडतो.

म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा दोनच गोष्टी विचारा: मधलं डिफरन्शियल आहे का, आणि ते लॉक होतं का? दोन्हींचं उत्तर हो असेल आणि तुमचं येणं-जाणं घाटातलं असेल, तर चार पैसे जास्त पडले तरी तीच घ्या. पार्ट-टाइम घेतलीत तर चांगले टायर घाला, आणि कोरडं डांबर लागलं की आधी दांडा सोडा.