डेल्टाचे तीन संसार

विहिरीवर दहा हॉर्सपॉवरची मोटार असली, की तिच्या पेटीत बहुधा स्टार-डेल्टा स्टार्टर असतो. वायरमनच्या आणि शेतकऱ्याच्या तोंडी हे दोन्ही शब्द सहज असतात. तीन फेजच्या मोटारीत तीन वाइंडिंग असतात. अशी मोटार थेट सुरू केली तर पहिल्या झटक्यात ती नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, व्होल्टेज पडतं, शेजारच्या वस्तीवरचे दिवे मंदावतात. म्हणून आधी तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एका बिंदूत जोडतात. आकृती चांदणीसारखी दिसते, म्हणून स्टार. या जोडणीत प्रत्येक वाइंडिंगला ४१५ ऐवजी सुमारे २४० व्होल्टच मिळतात आणि लाइनमधून ओढला जाणारा करंट एक तृतीयांशावर येतो. मोटारीचा आवाज चढला, तिनं वेग घेतला, की काही सेकंदांत जोडणी बदलते. पहिल्या वाइंडिंगचं शेवटचं टोक दुसऱ्याच्या सुरुवातीला, दुसऱ्याचं तिसऱ्याला आणि तिसऱ्याचं पुन्हा पहिल्याला. कागदावर काढलं तर त्रिकोण होतो. हा डेल्टा. आता मोटार पूर्ण ताकदीनं पाणी उपसते.

गावाच्या डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरमध्येही हीच जोडी असते. अकरा हजार व्होल्टच्या लाइनच्या तीन तारा येतात ती बाजू डेल्टाची, आणि घरांकडे वीज जाते ती स्टारची. चांदणीच्या मधल्या बिंदूतून न्यूट्रल काढता येतो. घरातला पंखा आणि दिवा एका फेजवर चालतो तो या न्यूट्रलच्या जोरावर.

हा डेल्टा म्हणजे मुळात ग्रीक वर्णमालेतलं चौथं अक्षर. फिनिशियन लोकांचं ‘दालेत’ ग्रीकांनी उचललं आणि त्याचं ‘डेल्टा’ केलं. रोमन डी आणि रशियन लिपीतलं द हे याचेच वंशज. पण अक्षर म्हणून जेवढं काम त्यानं केलं, त्याहून कितीतरी अधिक काम ते वर्णमालेबाहेर करतं. हा सगळा पसारा बघताना मला त्यात तीन संसार दिसतात. कुठे डेल्टा येतो तो त्याच्या रूपामुळे, कुठे आद्याक्षर म्हणून, आणि कुठे निव्वळ चौथा क्रमांक म्हणून. शाळा-कॉलेजातली किती मुलं चिन्हांना घाबरून गणित-विज्ञानापासून लांब जातात! समोरचा डेल्टा या तिघांपैकी कोणता, एवढं जरी शिक्षकांनी फळ्यावर लिहिताना सांगितलं, तरी निम्मी भीती जाईल असं मला मनापासून वाटतं.

रूपाचा संसार फार जुना. इसवी सनपूर्व पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं इजिप्तचं वर्णन केलं, तेव्हा नाईलच्या मुखाजवळच्या सुपीक प्रदेशाला तो डेल्टाच म्हणतो. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, आजच्या कैरोच्या खाली फुटते आणि पंख्यासारखी पसरून भूमध्य समुद्राला मिळते. म्हणजे त्रिकोणाचं टोक दक्षिणेला आणि पाया उत्तरेला. आपल्या नकाशात उत्तर वर असते, त्यामुळे हा डेल्टा उलटा दिसतो. नकाशा फिरवून दक्षिण वर घेतली की अक्षर सुलट होतं. पुढे अलेक्झांडरचं सैन्य इसवी सनपूर्व ३२५ मध्ये सिंधूच्या मुखाशी पोहोचलं, तेव्हा बरोबरच्या ग्रीकांना तिथेही तीच आकृती दिसली. एका नदीचं नाव असं दुसऱ्या नदीला लागलं, आणि हळूहळू जगभरच्या नद्यांना. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात तोच ‘त्रिभुज प्रदेश’ झाला.

महाराष्ट्राचा या त्रिभुजाशी संबंध जरा वेगळा आहे. कोकणातल्या नद्या सह्याद्रीवरून उतरतात आणि थोड्याच अंतरात समुद्र गाठतात. भरती-ओहोटी खाडीत आतपर्यंत शिरते, गाळ साचून पसरायला जागाच मिळत नाही. म्हणून आपल्याकडे खाड्या आहेत, त्रिभुज प्रदेश नाहीत. पण त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी आणि महाबळेश्वरची कृष्णा आपल्या काळ्या रानातला गाळ घेऊन पूर्वेला जातात आणि आंध्रच्या किनाऱ्यावर टाकतात. गोदावरी जवळजवळ १,४६५ किलोमीटर वाहते. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमपाशी तिच्या शाखा फुटू लागतात, तिथेच इंग्रज अभियंता आर्थर कॉटननं बांधलेला बंधारा १८५२ मध्ये पुरा झाला आणि सगळा त्रिभुज भाताच्या पाण्याखाली आला. त्या भाताच्या मातीत नाशिक-मराठवाड्याची माती आहे. ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकात ठळकपणे यायला हवी. नदीवर धरणं झाली की गाळ धरणात अडतो, आणि मुखाशी समुद्र जमीन खाऊ लागतो. १९७० मध्ये आस्वानचं मोठं धरण पुरं झाल्यावर नाईलच्या मुखाशी हेच घडलं, कृष्णा-गोदावरीच्या मुखाशीही घडतं आहे. आपण इथे पाणी अडवतो तेव्हा शेकडो मैलांवरच्या कुणाची तरी जमीन त्या गाळाची वाट बघत असते.

रूपावरून आलेले बाकीचे डेल्टा भराभर सांगता येतील. तेजस विमानाचे पंख त्रिकोणी, म्हणून ते डेल्टा पंख. मिराज २०००चेही तसेच. नाक वर करून उडताना अशा पंखांच्या पुढच्या कडांवरून हवेचे भोवरे उठतात आणि तेच विमानाला जादा उचल देतात. आपल्या खांद्यावरचा त्रिकोणी स्नायू डेल्टॉइड. आणि एक तोतया: रसायनशास्त्रात बाणावर त्रिकोण काढतात, चुनखडी तापवून चुना करताना, तो मात्र डेल्टा नव्हे. जुन्या किमयागारांची अग्नीची खूण त्रिकोण होती, तिचा तो वारसा.

आद्याक्षराचा संसार गणितातला. ग्रीकमध्ये फरकाला ‘दिआफोरा’ म्हणतात, लॅटिन-फ्रेंचमध्येही फरकाचा शब्द ‘द’नेच सुरू होतो. ऑयलरनं १७५५ च्या आपल्या कलनशास्त्राच्या ग्रंथात फरकासाठी मोठा डेल्टा वापरला, आणि तेव्हापासून तापमानातला बदल असो की वेगातला, आधी डेल्टा येतो. कोशीनं एकोणिसाव्या शतकात सीमेची संकल्पना नेमकी करताना छोटा डेल्टा आणि एप्सिलॉन घेतले. तुम्ही उत्तरात कितीही लहान चूक चालेल म्हणा, मी मूळ संख्येत तेवढी जवळीक शोधून दाखवतो, असा तो करार. वीज-अभियांत्रिकी शिकलेल्या डिरॅकनं पुढे आणखी धाडस केलं. सगळीकडे शून्य, एकाच बिंदूवर अमर्याद, तरी एकूण क्षेत्रफळ एक, असा डेल्टा त्यानं पुंजभौतिकीत आणला. देवळाच्या घंटेवर टोला पडतो तसा: क्षणभराचा, पण परिणाम पुरता मोजता येणारा. गणितज्ञांना तो नीट पायावर बसवायला वीसेक वर्षं लागली.

आज मुंबईच्या शेअर बाजारात हाच फरकाचा डेल्टा दर मिनिटाला बोलला जातो. राष्ट्रीय शेअर बाजारात निफ्टीचे ऑप्शन २००१ मध्ये सुरू झाले. तुमच्या कॉल ऑप्शनचा डेल्टा ०.५ असेल, तर निफ्टी १० अंकांनी वर गेल्यावर ऑप्शनची किंमत साधारण ५ रुपयांनी वाढते. साधारण म्हणायचं, कारण बाजार हलला की डेल्टाही हलतो. नव्यानं उतरणारे अनेक जण हे ‘साधारण’ विसरतात आणि पैसे घालवून बसतात. ऑप्शनला हात लावण्याआधी हा एक शब्द नीट समजून घ्यायलाच हवा.

तिसरा संसार क्रमाचा, आणि तो अगदी कोरडा. योहान बायरनं १६०३ च्या आपल्या नकाशासंग्रहात ताऱ्यांना ग्रीक अक्षरं दिली. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे आपण लहानपणापासून ओळखतो. त्यांतला सर्वांत पश्चिमेचा डेल्टा, मग एप्सिलॉन, मग झीटा. हा डेल्टा खगोलीय विषुववृत्ताला जवळजवळ चिकटून आहे, त्यामुळे तो नेमका पूर्वेला उगवतो. दिवाळीत रात्री उशिरा गच्चीवर गेलात तर पूर्व दिशा होकायंत्राशिवाय सापडेल.

आणि मग करोनाचा डेल्टा. ऑक्टोबर २०२० मध्ये भारतात नोंदलेल्या बी.१.६१७ या त्याच्या कुळाचे सुरुवातीचे नमुने महाराष्ट्रातले. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीकडे रुग्ण वाढले, आणि दोन महिन्यांत राज्यभर ऑक्सिजनसाठी रात्र-रात्र फोन फिरवणारी घरं दिसू लागली. बाहेरची वर्तमानपत्रं याला ‘भारतीय विषाणू’ म्हणत होती. ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं ब्रिटन, दक्षिण आफ्रिका, ब्राझील आणि भारतात प्रथम आढळलेल्या प्रकारांना अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा अशी नावं दिली. एखाद्या प्रदेशाच्या माथी रोगाचं नाव मारू नये, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. त्या डेल्टापासून वाचवणारी लस, पुण्यात तयार झालेली कोव्हिशील्ड धरून, आपण घेतली ती दंडाच्या वरच्या डेल्टॉइडमध्ये. तिथे स्नायू जाड असतो आणि मोठ्या शिरा, नसा सुईच्या वाटेत येत नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यू आणि क्सी ही दोन अक्षरं गाळून ओमिक्रॉन आला. त्याच्या पोटातून निघालेल्या जेएन.१ सारख्या पुढच्या उपप्रकारांना मात्र ग्रीक अक्षर न देता नुसते क्रमांकच ठेवले गेले.