खळ निघत नाही? आधी टाकीचे पाणी पाहा

कन्हान नदीच्या एका तीरावर कन्हान, दुसऱ्या तीरावर कामठी. कामठीच्या मोमीन विणकरांचे नाव जुने आहे. या भागातल्या कारागिरांना आणि कापडाच्या व्यापाऱ्यांना एक नुकसान चांगले ठाऊक असेल. रंगवलेल्या ठाणावर फिके डाग पडतात, गिऱ्हाईक माल परत करते आणि दोष रंगाला दिला जातो. पुष्कळदा दोष रंगाचा नसून कापडात राहिलेल्या खळीचा असतो.

ताण्याचे सूत तुटू नये म्हणून त्याला खळ देतात. रंगापूर्वी ती पूर्ण निघाली पाहिजे. आम्लाने ती निघते, पण सूतही कमजोर होते. अमायलेझ नावाचे एन्झाइम मात्र फक्त पिष्टाचे तुकडे करते, सुताला धक्का लावत नाही. मोड आलेल्या जवातून हे द्रव्य १८३३ साली पायेन आणि पेर्सो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वेगळे केले. आज ते बहुतेक जिवाणूंपासून बनते. प्राण्यांच्या स्वादुपिंडापासूनही ते काढतात, म्हणून घेताना ते कशापासून बनले हे विक्रेत्याला विचारावे.

एन्झाइम म्हणजे प्रथिनाची लांब साखळी, ठराविक घडीत दुमडलेली. त्या घडीतल्या खाचेत पिष्ट बसते आणि कापले जाते. घडी बिघडली की काम थांबले. ती टाकीतल्या पाण्यामुळे तीन प्रकारे बिघडते.

पहिले, उष्णता. थंड पाण्यात काम मंद चालते, बिघाड होत नाही. फार तापले की घडी उलगडते. उकडलेले अंडे पुन्हा कच्चे होत नाही, तसेच हे. साधे एन्झाइम ६० ते ७० अंशांवर चालते, उष्णता सोसणारे ९० च्या पुढेही. डब्यावरची सूचना पाळावी.

दुसरे, सामू म्हणजे पीएच. जिवाणूंचे अमायलेझ साधारण ६ ते ७ सामूला उत्तम चालते. सोडा किंवा आम्ल जास्त झाले की साखळीवरचे विद्युतभार बदलतात आणि घडी सैल पडते. म्हणून धुण्याचा सोडा त्याच टाकीत टाकू नये. सोड्याची उकळी नंतर द्यावी.

तिसरे, क्षार. कॅल्शियम ही घडी टाक्यासारखी धरून ठेवते. रंगाला त्रास देणारे जड पाणी इथे उपयोगी पडते, आणि पाणी मऊ करणारी पावडर टाकली तर तो टाका उसवतो. खळीला बुरशी लागू नये म्हणून मोरचूद घातले असेल, तर त्यातले तांबे एन्झाइमला मारते. असे कापड आधी गरम पाण्यात खळबळून घ्यावे.

शेवटी परीक्षा करावी. गार झालेल्या कापडावर पातळ आयोडीनचा थेंब टाकावा. निळा डाग उमटला तर खळ शिल्लक आहे. रंगाला हात लावू नये. पीएच कागद, थर्मामीटर आणि आयोडीनची बाटली, एवढा खर्च परत आलेल्या एका ठाणाहून स्वस्तच पडेल.