अळीचे फावते तेव्हा

तण हे जितके उपटावे तितके वाढते आणि पिकाला ग्रासणारी कीड त्याच्या वाटेस जात नाही, अशी शेतकऱ्यापासून बागवानापर्यंत सर्वांची पक्की समजूत असते. परंतु ती समजूत खोटी पाडणारा एक उत्तम दाखला अमेरिकेच्या आग्नेय भागातील 'हॉर्सनेटल' ह्या काटेरी तणाने वनस्पतिशास्त्रज्ञांस पुरविला आहे. वांगी, बटाटा आणि आपल्याकडील भुईरिंगणी ज्या सोलॅनम वंशातील, त्याच वंशातील हे बहुवर्षायू झाड असून त्याची पिवळी फळे विषारी असतात.

ह्या झाडाचा शिरस्ता असा, की स्वतःचे पराग स्वतःच्याच फुलावर पडले तर त्यांची परागनलिका कुक्षिवृंतातच अडविली जाते; स्वपरागणास तेथे मज्जाव आहे. मात्र हेच झाड जमिनीखालच्या मुळांनी पसरत जाते आणि पाहता पाहता एका रोपाचा विस्तीर्ण ताटवा होतो. तेव्हा वरून शेकडो खातेदार दिसत असले तरी सातबारा एकाच नावाचा असतो, आणि भुंग्याने शेजारच्या फुलावरून आणलेले परागही मूळ झाडाचेच ठरतात. अशा वेळी फूल जुने झाले आणि झाडावर फळ धरलेले नसले, म्हणजे तो मज्जाव शिथिल होतो आणि स्वतःच्या परागांनीही बी धरते. वंश टिकतो खरा. पण अप्रभावी असल्यामुळे आजवर झाकून राहिलेली सदोष जनुके मातापित्यांकडून जोडीने येऊन संततीत उघडी पडतात.

अशा संततीची वाढ खुंटते, हे चार्ल्स डार्विनने अकरा वर्षांच्या प्रयोगांनंतर 1876 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सप्रमाण दाखविले होते; मॉर्निंग ग्लोरीच्या वेलीच्या दहा पिढ्यांत परपरागित वेलींची सरासरी उंची 100 मानली तर स्वपरागितांची 77 भरली. डार्विनने उंची, वजन आणि बीजसंख्या मोजली. कीड हा ह्या हिशेबातील मोठा रकाना मात्र पुढील काळासाठी राहिला.

तो रकाना भरण्याचे काम पेनसिल्वेनिया स्टेट विद्यापीठातील अँड्र्यू स्टीफन्सन, कॉन्सुएलो डी मोराएस, मार्क मेशर आणि रूपेश करियात प्रभृती संशोधकांनी केले. स्वपरागित हॉर्सनेटलच्या अंगावरील काटे आणि सूक्ष्म लव विरळ असते, आणि कीड लागल्यानंतर नव्या पानांवर ती दाट करण्याची जी तजवीज परपरागित झाड तत्परतेने करते, तीही त्यास नीटशी साधत नाही, असे त्यांस आढळले. ह्याहून विलक्षण प्रकार गंधाचा आहे. अळीने कुरतडलेले परपरागित झाड विशिष्ट वायुरूप द्रव्ये सोडते आणि त्या वासाने अळीचे भक्षक व परजीवी कीटक कुमकेस धावून येतात; उलट स्वपरागित झाड काही इजा नसतानाच अधिक गंध सोडून शाकाहारी कीटकांस आमंत्रण देते, आणि खरोखर संकट आले म्हणजे त्याचा गंध पुरेसा वाढत नाही, त्यामुळे रक्षक कमी येतात. तंबाखूवरील मोठी हिरवी अळी ज्या मॅन्डुका सेक्स्टा पतंगाची, त्याची मादीदेखील रात्री अंडी घालण्यास अशीच झाडे पसंत करते.

ह्यावरून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. कीटकमुक्त काचघरात वाढविलेल्या रोपांवरून स्वपरागणाच्या हानीचा अंदाज बांधला तर तो अपुराच राहील, कारण तिचा मोठा हप्ता अळ्या वसूल करतात. तणाचे सामर्थ्य त्याच्या काट्यांत वा विषात जितके आहे तितकेच ते कुळाच्या विविधतेत आहे. म्हणून शेतात एखादे नवे तण एकटेदुकटे दिसताच ते वेळीच मुळासकट काढावे. दुसऱ्या वंशावळीच्या रोपाचे पराग त्यास मिळाले, म्हणजे पुढच्या पिढीचा बंदोबस्त करणे अधिक जड जाईल.