औषधांची सामाईक ठेव

1954 साली पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, तेव्हा देशापुढील प्रश्न औषधांच्या टंचाईचा होता. आज शिरूर किंवा दौंडच्या बाजारपेठेत प्रतिजैविकांची वानवा नाही. टंचाई जाणवू लागली आहे ती त्यांच्या गुणाची. औषध मुबलक आणि त्याचा प्रभाव दुर्मिळ, अशा या विपरीत स्थितीचा विचार केवळ डॉक्टरांवर सोपवून चालणार नाही. तो अर्थशास्त्राचाही विषय आहे.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया यांनी फुप्फुसांच्या क्षयरोगावर केलेले काम या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. 2011 च्या डिसेंबरात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात चार रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. या रुग्णांतील जंतू तपासलेल्या एकाही औषधाला दाद देत नव्हते. ‘पूर्णतः औषधरोधक’ या शब्दप्रयोगाला केंद्र सरकारने हरकत घेतली. जागतिक आरोग्य संघटनेची त्याला मान्यता नाही, असे सांगण्यात आले. शब्दांचा वाद झाला खरा, परंतु त्या अहवालातील दुसरी माहिती अधिक बोलकी होती. चारपैकी तिघांनी अठरा महिन्यांत सरासरी चार खाजगी डॉक्टरांकडून उपचार घेतले होते. एकेक औषध वाढवत नेलेले, मात्राही पुष्कळदा चुकीची, असे ते उपचार होते.

हे अपवादात्मक होते असे म्हणता येत नाही. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत धारावीतील शंभर खाजगी डॉक्टरांनी क्षयरोगावर ऐंशी निरनिराळ्या उपचारपद्धती लिहून दिल्या होत्या. उदवाडियांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे दोन दशकांनी तशीच पाहणी मुंबईत केली. 106 डॉक्टरांनी 63 पद्धती सुचविल्या आणि बिनचूक चिठ्ठी लिहिणारे निघाले अवघे सहा.

चुकीच्या उपचाराने जंतू प्रबळ कसे होतात? रुग्णाच्या फुप्फुसात कोट्यवधी जंतू असतात. त्यांतील थोडे एखाद्या औषधाला मुळातच दाद देत नाहीत. तेवढे एकच औषध दिले, तर बाकीचे मरतात आणि या थोड्यांना रान मोकळे मिळते. म्हणूनच क्षयरोगावर अनेक औषधे एकत्र आणि साधारणतः सहा महिने द्यावी लागतात. महिना-दोन महिन्यांत खोकला थांबतो, ताप उतरतो आणि रुग्णाला आपण बरे झालो असे वाटते. खरा धोका तेथेच असतो.

आपल्या भागात या धोक्याला पोटापाण्याची जोड आहे. गळिताच्या हंगामात ऊसतोडणी कामगारांची बिऱ्हाडे इकडे येतात आणि हंगाम संपला की परततात. रांजणगाव व कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत परप्रांतीय मजूर आहेत. रोजंदारीवर जगणाऱ्याला दवाखान्याची एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी. त्याने गोळ्या अर्धवट सोडल्या तर तो अडाणी आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्याच्या हिशेबात आजची भाकरी उद्याच्या आजारापेक्षा वजनदार ठरते.

गावच्या गायरानाचे उदाहरण घ्या. एक जादा जनावर सोडणाऱ्याचा फायदा त्याच्या एकट्याचा असतो, परंतु उजाड होते ते सगळ्यांचे रान. औषधांचा प्रभाव ही अशीच सामाईक ठेव आहे. चिठ्ठीवाचून चार गोळ्या विकणारा दुकानदार, सर्दीवरही प्रतिजैविक देणारा डॉक्टर आणि ते मागणारा सुशिक्षित रुग्ण यांपैकी कोणीही त्या झिजेची किंमत मोजत नाही. ती मोजतो पुढे केव्हातरी आजारी पडणारा अनोळखी माणूस.

सरकारने काहीच केले नाही असे नव्हे. 2012 पासून प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद कळविणे खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. 2014 पासून कित्येक प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद दुकानदाराने ठेवावी लागते. रुग्णाच्या आहारासाठी 2018 साली सुरू झालेले दरमहा 500 रुपयांचे साहाय्य 2024 मध्ये 1000 रुपये झाले. त्याच वर्षी औषधरोधक क्षयावर सहा महिन्यांच्या नव्या उपचारालाही मान्यता मिळाली. परंतु त्यातील बेडाक्विलिन या औषधालाही न जुमानणारे जंतू आढळू लागले आहेत. नवे औषध हाती येते, ते जुन्याच सवयींच्या स्वाधीन होते.

केवळ विक्रीवर निर्बंध घालणे हा मात्र उपाय नव्हे. जेथे डॉक्टर जवळ नाही, तेथे कडक नियमाचा पहिला फटका गरिबालाच बसेल. तेव्हा नियमाच्या जोडीला तपासणीची सोय हवी. कोणते औषध लागू पडेल हे उपचाराच्या प्रारंभीच कळले पाहिजे. कामगार एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात गेला तरी त्याचे औषध खंडित होता कामा नये. साखर कारखाने, ठेकेदार आणि आरोग्य केंद्रे यांनी मनावर घेतले तर हे अशक्य नाही. बुडालेल्या मजुरीची भरपाई हा दानधर्म समजू नये. ज्याचा उपचार पूर्ण होतो, तो आपल्या सर्वांच्या ठेवीचे रक्षण करीत असतो आणि त्या रक्षणाचा खर्च समाजाने उचलणे हाच व्यवहार आहे.